ठाण्यात राहिलेला बडग्या

दिवाळी अंकाच्या संपादिकेचा फोन आला, "बाई, कोर्टातले गमतीदार किस्से लिहा ना." मी म्हटलं, कोर्टात गंमत असते असं ज्याला वाटतं त्याने एकदा स्वतःची तारीख घेऊन यावं. सकाळी अकरापासून बाकावर बसावं, साडेपाचला "पुढची तारीख" ऐकावं आणि घरी जाऊन हसावं. पण तिने चिकाटी सोडली नाही. मग मला आमचा बडग्या आठवला आणि मी एकटीच स्वयंपाकघरात हसत बसले. म्हणून लिहायला घेतलं. खरं सांगायचं तर हसण्यापेक्षा आभार मानायचे आहेत, ते राहून गेलेत.

आणीबाणी उठल्यानंतरचे दिवस. नागपूरच्या जिल्हा कोर्टात आम्ही बायका वकील बोटावर मोजण्याइतक्या. पक्षकार मला बघून विचारायचे, "वकीलसाहेब कुठे आहेत?" मी म्हणायची, "समोर उभे आहेत." मी टेंभुर्णे साहेबांची ज्युनिअर होते. नागपुरातल्याच इंदोरा वस्तीत त्यांचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस. उंच, सडपातळ माणूस, आवाज कधी चढत नसे. फौजदारी वकील म्हणून नाव मोठं, पण मनातून ते घटनेचे वकील. घटनेची त्यांची प्रत एवढी हाताळलेली होती की पानं उलटताना आवाजसुद्धा होत नसे.

साहेबांचा एका कलमावर दात होता. दंडविधानातलं दोनशे पंच्याण्णव अ. वाचकांना सोपं करून सांगते. आपल्याकडे 'देवाची निंदा' या नावाचा गुन्हा नाही. पण कोणत्याही वर्गाच्या धार्मिक भावना जाणूनबुजून, दुष्ट हेतूने दुखावल्या, बोलून, लिहून, चित्र काढून किंवा आणखी कसंही, तर तुरुंग आहे. पोलीस वॉरंटाशिवाय उचलू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही. घटना एका हाताने बोलायचं स्वातंत्र्य देते, आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर बंधन घालायची मुभा दुसऱ्या हाताने सरकारला देते. त्या मुभेत हे कलम बसतं असं सुप्रीम कोर्टाने फार आधीच सांगून टाकलं होतं. साहेबांचं म्हणणं होतं की मग ती मुभाच दुरुस्त करा. कोणी प्रत्यक्ष मारामारीला चिथावलं तर पकडा, नुसत्या बोलण्यासाठी कोणाला आत टाकू नका. तेव्हा घटनादुरुस्तीची चर्चा चहाच्या टपरीवरसुद्धा चालायची. साहेबांनी स्वतः दुरुस्तीचा मसुदा तयार केला होता आणि भेटेल त्या खासदाराला तो वाचून दाखवत. खासदार घड्याळाकडे बघत.

हा दात का होता, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. धर्मांतरानंतर त्यांच्या वडिलांनी घरातले देव नदीत सोडले होते. गावातल्या कोणीतरी याच कलमाखाली तक्रार केली. केस उभी राहिली नाही, पण वडील दोन रात्री कोठडीत बसून आले. साहेब तेव्हा शाळेत होते. एवढंच त्यांनी सांगितलं आणि लगेच फाईल उघडली.

या कलमाचे पक्षकारही एकेक नमुनेदार. एक गृहस्थ आले, शेजारच्या मोहल्ल्यातल्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, मारुतीने बिडी ओढली म्हणून. म्हणजे मारुतीचं सोंग घेतलेल्या माणसाने, पडद्यामागे. साहेबांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "तुम्ही पडद्यामागे काय करत होता?" गृहस्थ चाचरले, "मी... मी माचीस मागाले गेलो होतो." केस तिथेच विझली.

आता बडग्या. नागपूरकरांना सांगायला नको, पण हा अंक पुण्या-मुंबईकडेही जातो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. काळी आणि पिवळी अशा दोन प्रचंड बाहुल्या, आणि त्यांच्याबरोबर बडगे, म्हणजे बांबू-कागदाचे पुतळे. वर्षभरात ज्याचा ज्याचा त्रास झाला त्याचा बडग्या करायचा, महागाईचा, डासांचा, एखाद्या मंत्र्याचा. लोक बेंबीच्या देठापासून ओरडतात, "खोकला घेऊन जा गे मारबत! रोगराई घेऊन जा गे मारबत!" आणि गावाबाहेर नेऊन ते सगळं जाळायचं. जाळायचंच, त्याशिवाय पीडा जात नाही.

इतवारीकडच्या एका मोहल्ल्यात दौलत पेंटर राहायचा. सरकारी खात्यात पाट्या रंगवायची नोकरी, आणि मोहल्ल्याचा बडग्या दरवर्षी त्याच्याच हातचा. त्या साली तिथे काविळीची साथ होती आणि एक बाबा मंतरलेलं पाणी देऊन कावीळ उतरवत होते. दौलतचा धाकटा भाऊ महिनाभर ते पाणी पीत राहिला. शेवटी डोळे हळदीसारखे झाले तेव्हा त्याला धंतोलीत डॉक्टरकडे नेला. वाचला, पण थोडक्यात. दौलतने यंदाचा बडग्या बाबांचा केला. ढेरपोट, गळ्यात रुद्राक्ष, आणि हातातल्या कमंडलूला नळाची तोटी. छातीवर पाटी: "बाबाचं पाणी प्या, दवाखान्याले सुट्टी द्या."

मिरवणूक चौकात आली आणि बाबांचे भक्त आडवे झाले. पुढे होते हरिभाऊ, त्याच मोहल्ल्यातले किराणा दुकानदार. ढकलाढकली झाली. हरिभाऊंनी फिर्याद दिली आणि पोलिसांनी त्याच कलमाखाली दौलतला उचललं. इथपर्यंत ठीक. पण जो काही उत्साही हवालदार होता त्याने हातठेल्यावरून बडग्याही उतरवला आणि जप्त करून ठाण्यात नेला. मुद्देमाल क्रमांक एक. बाकीचे बडगे त्या दिवशी जळाले, आमचा राहिला.

शनिवार-रविवार मधे आल्याने दौलत दोन दिवसांहून जास्त कोठडीत राहिला, आणि नियमाप्रमाणे नोकरीतून आपोआप निलंबित झाला. शिक्षा झाली तर नोकरी कायमची जाणार. त्याची बायको सुमन जामिनाच्या दिवशी मला म्हणाली, "बाई, तुरुंगाचं भेव नाही वाटत. पण याच्या हातून ब्रश गेला तर हा माणूस घरात बसून वेडा होईन."

या कलमाखाली खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते. मंजुरीचे कागद मुंबईला गेले आणि मुंबईलाच रमले. तेवढ्या काळात साहेबांनी दौलतशी बोलून पाहिलं. त्यांना वाटत होतं, हीच ती केस. दौलतने कोर्टात ताठ मानेने सांगावं, हो, मी बाबांची टिंगल केली, नागरिक म्हणून तो माझा हक्क आहे. शिक्षा झाली तर हायकोर्ट, मग सुप्रीम कोर्ट, आणि तिथे त्या कलमालाच आव्हान. साहेब फुकट लढणार होते, शेवटपर्यंत.

दौलतने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नाही जमत साहेब. मी टिंगल केलीच नाही."

"अरे, कमंडलूला तोटी लावली तू!"

"लावली ना. पण माणसावर राग असला तर त्याच्या घरी जाऊन भांडते माणूस. बडग्या माणसाचा नसते, त्रासाचा असते. आमच्या घरून त्रास जावा म्हणून केला." मग जरा थांबून म्हणाला, "बाबालेही एक दिवस पश्चात्ताप होईन, नाही का?"

साहेब हैराण. इतका सरळ आरोपी त्यांना मिळाला नव्हता. आणि मला वेगळीच धास्ती होती. सरकारी वकील भावाच्या आजाराचं काढणार आणि म्हणणार, बघा, सूड होता, म्हणजे दुष्ट हेतू सिद्ध. दौलत जे खरं बोलत होता त्यावर विश्वास ठेवायला न्यायाधीशाला काहीतरी हवं होतं.

ते मला ठाण्यात मिळालं. मुद्देमालाची तपासणी करायला मी मालखान्यात गेले. चोरीच्या सायकली, फुटक्या ट्रंका, आणि त्यांच्यामध्ये आमचे बाबा, छत बुटकं म्हणून मान वाकवून उभे. पायाशी लिंबं. काही ताजी, काही वाळून काळी पडलेली.

"हे काय?" मी मालखान्याच्या हवालदाराला विचारलं.

तो कळवळून म्हणाला, "बाई, याले घेऊन जा ना हो! हा आला तवापासून ठाण्यात कोणी ना कोणी आजारी पडून राहिलं. आमच्या साहेबाले गालफुगी झाली. माह्या पाठीत उसण भरली. न जाळलेला बडग्या कोणी घरात ठेवते का?"

"आणि लिंबं कोण ठेवतं?"

"फिर्यादीच! हरिभाऊ. दर मंगळवारी येते, लिंबू ठेवते, हात जोडते अन् म्हणते, जाळून टाका ना साहेब, मोहल्ल्यात पीडा राहिली."

मी तशीच रिक्षा करून इंदोऱ्याला आले. साहेबांना सांगताना मला हसू आवरेना. साहेब हसले नाहीत.  सुमन आणि दौलत तारखेची चौकशी करायला आले होते, ते बाकावर बसलेले.

"बाई, हे उलटतपासणीत विचारलं तर केस संपली," साहेब म्हणाले.

"संपू द्या ना साहेब!"

"आणि कलम? मुक्तता झाली की वरच्या कोर्टात जायला आपल्याकडे काही उरत नाही. दुसरी अशी केस मला या जन्मात मिळायची नाही."

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी सुमन उठून उभी राहिली. पदर नीट केला आणि म्हणाली, "साहेब, तुमचं काम लय मोठं आहे, मले समजते. माह्या नवऱ्याची नोकरी लहान आहे. पण मले लहानच पाहिजे."

दौलत तिला म्हणाला, "बस वं, चूप."

"चूप काहून? तुम्ही चूप राहता म्हणून मले बोला लागते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला तेव्हा अर्धंच कळत होतं, कारण नदीत सोडलेल्या देवांची गोष्ट त्यांनी त्या संध्याकाळीच मला सांगितली, हे दोघे गेल्यावर. पण सुमनला ते एवढंच म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणता तसंच होईल." वकिली मी पुष्कळांकडून शिकले. अशील कोण आहे हे मात्र त्या एका वाक्यात शिकले, आणि त्याबद्दल आजही मनातल्या मनात त्यांच्या पाया पडते.

मंजुरी आली, खटला उभा राहिला. न्यायाधीश साहेब साताऱ्याकडचे, नुकते बदलून आलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "बडग्या म्हणजे नेमकं काय?" सरकारी वकील समजावून सांगायला उभे राहिले. ते नागपूरच्या जुन्या महाल भागात वाढलेले. सांगता सांगता असे रंगात आले की लहानपणी आपण कोणकोणते बडगे पाहिले तेही सांगू लागले, आणि "घेऊन जा गे मारबत" ही आरोळी कशी ठोकतात ते त्यांनी जवळजवळ करून दाखवलं. पट्टेवाला तोंडावर हात धरून बाहेर पळाला. न्यायाधीश म्हणाले, "वकीलसाहेब, आपण फिर्यादीच्या बाजूने आहात ना?"

हरिभाऊ साक्षीला उभे राहिले. धुतलेलं धोतर, कपाळाला अंगारा. बाबांचा अपमान बघून जेवण गेलं नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. माणूस साधा होता. साहेब उलटतपासणीला उठले. आवाज नेहमीसारखाच खाली.

"हरिभाऊ, मारबतीला तुम्ही दरवर्षी जाता?"

"बापाच्या खांद्यावर बसून जात होतो साहेब, तवापासून."

"त्या दिवशी चौकात यायच्या आधी तुम्हीही ओरडत होता?"

"हो मग. दम्याले घेऊन जा म्हणून. माह्या मायले दमा आहे."

"हे ओरडणं, जाळणं, हा खेळ आहे की धर्म?"

हरिभाऊंना रागच आला. "खेळ काहून असन? धर्मच आहे तो आमचा!"

"आता सांगा, दर मंगळवारी तुम्ही ठाण्यात जाऊन कोणापुढे लिंबू ठेवता?"

हरिभाऊंनी सरकारी वकिलांकडे पाहिलं. सरकारी वकिलांनी कागदात पाहिलं.  मग हरिभाऊ खालच्या आवाजात म्हणाले, "बडग्यापुढे."

"कशासाठी?"

"न जाळलेला बडग्या ठेवणं बरं नसते. पीडा मागे राहते."

"म्हणजे तो बाबांचा अपमान करायला केलेला पुतळा आहे, की पीडा न्यायला केलेला बडग्या?"

 हरिभाऊंच्या कपाळावरचा घाम अंगाऱ्यात मिसळून ओघळला. मला त्यांची दया आली. खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. पण तो माणूस म्हणाला, "आता तुम्ही असं विचारलं साहेब, तर बडग्याच आहे तो. बडग्या नसता तर मी लिंबू काहून ठेवलं असतं?"

साहेबांनी फक्त मान झुकवली आणि खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद मी शोधत होते, तो दिसला नाही. माझ्यापुढे त्यांची घटनेची प्रत होती, तीत बोलायचं स्वातंत्र्य देणाऱ्या एकोणिसाव्या कलमापाशी कागदाची खूण घातलेली. ती खूण त्यांनी हळूच काढून खिशात ठेवली.

दौलत सुटला. दुष्ट हेतू सिद्ध होत नाही, आरोपीने केली ती स्थानिक धार्मिक रीत होती, असं न्यायाधीशांनी लिहिलं. आणि शेवटी त्या सातारकर माणसाने मुद्देमालाबद्दल जो हुकूम दिला तो ऐकून सरकारी वकीलही हसले: बांबू-कागदाची आकृती अपिलाची मुदत संपल्यावर आरोपीच्या ताब्यात द्यावी, त्याने तिची रीतीप्रमाणे विल्हेवाट लावावी. सरकार अपिलात गेलं नाही. दौलत नोकरीवर परत गेला, आणि इतक्या महिन्यांनी ब्रश धरला म्हणून पहिल्या दिवशी पाटीवरचं एक अक्षर वाकडं आलं, असं सुमनने मला फार कौतुकाने सांगितलं.

साहेबांची दुरुस्ती कुठे पोचली नाही. घटनेत तेव्हा पुष्कळ बदल झाले, हा झाला नाही. पुढेही ते मसुदा घेऊन फिरत राहिले. आज साहेब नाहीत, आणि ते कलम आहे. नव्या कायद्यात त्याचा नंबर बदलला, मजकूर जवळपास तोच. मला राग येतो, नाही असं नाही. तसा दुसरा खटला त्यांना खरंच पुन्हा मिळाला नाही, आणि त्यात माझाही हात आहे, कारण मालखान्यात मीच गेले होते. पण दुसऱ्यांदा वेळ आली तरी मी तिथे जाईनच.

आता दौलत सुटला त्या साली पोळ्यानंतर काय झालं ते सांगून थांबते.

बडग्या ठाण्यातून सुटला तो थेट मिरवणुकीतच. मालखान्याच्या हवालदाराने स्वतः ठेल्यावर चढवला, आणि वर चार जण हात लावायला दिले. वर्षभर उभं राहून बाबांचं पोट खपाटीला गेलं होतं, पाटीवरचं अर्धं पुसलेलं. मोहल्ल्याने त्याला तसाच मिरवला. हरिभाऊ ठेल्याच्या बाजूने चालत होते, लिंबाचा हार घेऊन.

साहेब आले होते. मला आधीच बजावलं होतं, "मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहीन. माझं या रीतीशी काही नाही, आमच्या घराने ते सोडलं आहे. दौलतला बघायला येतोय, एवढंच." आणि तसे ते पलीकडे उभे होते, पांढरा शर्ट, हात मागे बांधलेले. मी त्यांच्याबरोबर.

गावाबाहेर बडग्याला पेटवायची वेळ आली. लोक आरोळ्या ठोकत होते, कावीळ घेऊन जा, रेशनची लाईन घेऊन जा. दौलत हातात पेटता पलिता घेऊन उभा होता. त्याने रस्त्यापलीकडे पाहिलं, आणि पलिता तसाच धरून आमच्याकडे पळत आला.

"साहेब, तुमच्या त्या कलमाचा नंबर किती?"

"कशाला रे?"

"सांगा ना गा साहेब!"

साहेब म्हणाले, "दोनशे पंच्याण्णव अ."

दौलत परत पळाला. पलिता बडग्याला लावला, आणि त्या चूप माणसाच्या गळ्यातून असा आवाज निघाला की सुमनसुद्धा दचकली.

"दोनशे पंच्याण्णव अ घेऊन जा गे मारबत!"

 माझ्या शेजारच्या म्हातारीने विचारलं, "हे काय वं बाई? कोण्या बसचा नंबर आहे का?" मी म्हटलं, "मावशी, लय जुना रोग आहे." तेवढं तिला पुरलं. तिने पदर खोचला आणि ओरडली. मग ठेल्याजवळचे ओरडले, मग सगळे. हवालदार ओरडला. हरिभाऊ, आमचे फिर्यादी हरिभाऊ, लिंबाचा हार आगीत टाकून दोन्ही हात वर करून ओरडत होते, "दोनशे पंच्याण्णव अ घेऊन जा गे मारबत!" त्यांना ते काय आहे हे चांगलं ठाऊक होतं. त्यांनीच तर ते लावलं होतं.

मी साहेबांकडे वळून पाहिलं. ते ओरडले नाहीत, शब्दाचा पक्का माणूस. पण मागे बांधलेले हात सुटले होते, आणि चष्म्याखालून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

 परतताना रिक्षात, इंदोरा जवळ आल्यावर साहेब म्हणाले, "बाई, आपली दुरुस्ती मंजूर झाली."

"कुठे साहेब?"

"आत्ताच. आवाजी मतदानाने."